शेळ्यांच्या राखणीला कुत्रं: कांगल घ्यावा का गावठीच बरं?

उजनीकाठ | १४ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या. आमच्याकडं ४६ शेळ्या होत्या, बऱ्याचशा उस्मानाबादी, पाच-सहा बोअर क्रॉस. होत्या म्हणतोय कारण आता ३९ आहेत. शेड घरापासून दीडशे फुटावर, कंबरेएवढी भिंत आणि वर चेनलिंकची जाळी, एका कोपऱ्यात जाळी सुटलीय ती बांधायची बांधायची म्हणून राहिली (हे मीच आधी कबूल करतो, नाहीतर तुम्ही विचारणारच). दिवसा माळावर चारायला चुलते नेतात, वय पासष्टच्या पुढं, गुडघे गेलेत पण घरी बसवत नाही त्यांना.

पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी दोन करडं गेली, आवाज नाही, काही नाही, संध्याकाळी मोजताना दोन कमी. आणि परवा पहाटे शेडमध्येच पाच. मी साडेपाचला दूध काढायला गेलो तर तीन मरून पडलेल्या, दोन उभ्या होत्या पण मागचं सगळं फाटलेलं, दुपारपर्यंत त्याही गेल्या. त्यात एक गाभण होती. गावात सगळे म्हणतात लांडगाच.

आता मुद्दा. यूट्यूबवर तुर्कस्तानातले कांगल कुत्रे बघितले, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, मेंढरात उभा राहिला तर वासरू वाटावं असा. एकजण पिल्लू द्यायला तयार आहे, ६५ हजार सांगतोय, बाप इम्पोर्टेड आहे म्हणतो. बायको म्हणते ६५ हजारात सहा शेळ्या येतात. इथं कुणी असा कुत्रा पाळलाय का? खरंच लांडग्याला अडवतो का नुसतं व्हिडिओपुरतं?

फुकटफौजदार | १४ जून, रात्री ११:०४

वहिनींचं बरोबर आहे. धागा बंद करा.

बिऱ्हाड | १५ जून, सकाळी ७:२०

भाऊ वाईट वाटलं वाचून. मी आता रांजणगावला कंपनीत आहे पण आमचा वाडा (मेंढरांसोबत गावोगाव फिरणारा तळ) अजून चालू आहे, थोरला भाऊ आणि चुलते, अडीचशेच्या वर बकरी (आम्ही मेंढरालाच बकरं म्हणतो, गोंधळू नका), माण तालुक्याकडचे आम्ही, दिवाळी झाली की कोकणाच्या वाटेला लागतो. वाड्यावर कायम चार-पाच कुत्री असतात आणि त्यातलं एकसुद्धा कधी विकत आणलेलं नाही.

कुत्रं लांडग्याशी मारामारी करतं हे डोक्यातून काढून टाका. मी लहानपणापासून बघतोय, मारामारी वर्षातून एखाद्या वेळेस, तीसुद्धा अंगावर आलं तर. कुत्र्याचं काम आधीचं असतं. रात्री वाघर लावली (जाळीचा गोल करतो आम्ही, आत बकरी) की कुत्री आपापली जागा धरतात, कुणी सांगत नाही त्यांना, एक वाऱ्याच्या तोंडाला, एक घोड्यांपाशी, एक लांब बांधावर. लांडग्याचा वास आला की भुंकणं बदलतं. माणूस वाटेनं गेला तर वेगळं, कोल्हं असलं तर वेगळं, आणि लांडगं असलं की असं खालच्या पट्टीत, थांबून थांबून, की झोपेतला माणूस आधी काठी हातात घेतो मग डोळे उघडतो. लांडग्याला कळतं की इथं सगळे जागे झाले. तो पोटासाठी आलाय, भांडायला नाही, तो दुसरीकडं जातो.

आणि एक, आजोबांचं सांगणं, लांडगा समोर दिसला की त्याच्याकडं बघू नको, दुसरा कुठाय ते बघ. एक समोरून कुत्र्यांना आणि माणसाला ओढून नेतो आणि दुसरा मागनं कोकरू उचलतो. तुमची दुपारची दोन करडं अशीच गेली असणार, चुलते पुढं, शेळ्या पांगलेल्या, मागं कुणी नाही.

कांगल चांगलाच असेल, पण आपल्याकडचा जो विकतो तो फार्महाऊसला विकायला वाढवलेला असतो. त्याच्या आईबापानं मेंढरू बघितलंय का विचारा त्या माणसाला.

गुरांची_डॉक्टरीण | १५ जून, दुपारी १:१५

उजनीकाठ, शेडमधल्या पाच शेळ्यांना नेमकं कुठं चावलं होतं? गळ्याला दातांच्या खुणा होत्या का? काही खाल्लेलं होतं का? फोटो असतील तर नीट बघून सांगा, अंदाजानं नको.

उजनीकाठ | १५ जून, रात्री ९:३०

मॅडम फोटो बघितले परत. गळ्याला एकीच्याच आहेत, बाकीच्यांच्या मांड्या, शेपटीखाली, एकीचे कान आणि कास. खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही, एकीच्या मांडीचा तुकडा फक्त. वनरक्षक आले होते पंचनाम्याला, तेपण बराच वेळ बघत होते आणि काही बोलले नाहीत.

गुरांची_डॉक्टरीण | १५ जून, रात्री १०:१०

मग हा लांडगा नाही हो. मी हे आठवड्याला एक तरी बघते. लांडगा बहुतेक वेळा गळा धरतो, एखादं मारतो आणि नेतो, करडू असेल तर जागेवर रक्ताचा थेंबसुद्धा सापडत नाही. आपला लांडगा वीस किलोच्या आसपासचं जनावर, लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो. बिबट्यापण गळाच धरतो, सुळ्यांची खोल भोकं दिसतात आणि ओढत नेल्याची खूण असते. मागच्या बाजूनं फाडणं, चार-पाच जनावरं एकदम, खाणं जवळपास नाही, हे मोकाट कुत्र्यांचं काम. त्यांना भूक नसते, पळणाऱ्या शेळ्या दिसल्या की चेव येतो आणि बंद शेडमध्ये शेळ्यांना पळायला जागा नसते. दुपारची दोन करडं लांडग्यानं नेली असतील, ते शक्य आहे. शेडमधल्या पाच नाहीत.

भरपाईचं पण सांगते म्हणजे हेलपाटे वाचतील. वन्यप्राण्यानं शेळी-मेंढी मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं कमी असेल ते मिळतं, ४८ तासांत कळवायचं आणि पंचनाम्याआधी मढं हलवायचं नाही. कुत्र्यांनी मारलेल्याला त्यात काही नाही.

फुकटफौजदार | १५ जून, रात्री १०:२२

म्हणजे गोष्टीतला पोरगा लांडगा आला म्हणून ओरडला तेव्हा मागं टॉम्या होता.

उजनीकाठ | १५ जून, रात्री ११:४०

हसू आलं पण खरं सांगू का, पोटात गोळा आला. आमच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर पोल्ट्री आहे, मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात, तिथं दहा-बारा कुत्री कायम पडून असतात. रोज जाता-येता बघतो मी त्यांना, कधी डोक्यात आलं नाही. आणि सगळ्या गावाला लांडगा म्हणून सांगून बसलो, दोघं-तिघं तर फासे लावू म्हणत होते.

माळढोक | १६ जून, सकाळी ६:०५

फासे अजिबात लावू देऊ नका, लांडगा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये (सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत) आहे, १९७२ च्या कायद्यानं सरळ गुन्हा. आणि तुमच्या पट्ट्यात, इंदापूर, बारामती, दौंड, खाली करमाळा, जे थोडे लांडगे उरलेत ते याच माळांवर. मी पक्षी बघायला कडबनवाडीच्या माळावर येतो कधीमधी, तिथं पहाटे चिंकारा आणि लांडगा एकाच सकाळी बघितलेत.

कांगलबद्दल, मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं होतं त्यात कांगल होता. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली हायकोर्टात ते टिकलं नाही, पण एवढ्या भानगडीत ६५ हजार घालण्याआधी दहादा विचार करा. शिवाय ५०-६० किलोचं जनावर, अनातोलियाच्या पठारावरचं, तुमच्याकडं एप्रिलमध्ये पत्र्याखाली काय करणार? हिमाचलात चंब्याकडं ट्रेकला गेलो होतो तेव्हा तिथल्या गद्दी मेंढपाळांच्या मेंढरात त्यांची कुत्री बघितली, गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा, बिबट्या आणि अस्वलासाठी. काय रुबाब होता, पण केस एवढे की आपल्याकडं उन्हानंच मरेल. गद्दीला आता आपल्या मुधोळ, राजपालयम, चिप्पिपराईसारखी देशी जात म्हणून सरकारी नोंद मिळालीय, लगेच इथं कुणीतरी विकायला सुरुवात करेल बघा.

जुन्नरचा_उसवाला | १६ जून, दुपारी ३:३३

तुमच्याकडं लांडगं आहे म्हणून कुत्र्याची चर्चा तरी चाललीय, आमच्याकडं कुत्रं म्हणजे बिबट्याचा नाष्टा. माझा काळ्या होता, चांगला पोटरीच्या वर उंच, रात्री अंगणात बांधायचो, सात वर्षं राखण केली. एका रात्री दोनदा भुंकला आणि गप्प झाला. मला वाटलं झोपला. सकाळी बघतो तर साखळी ताणून सरळ झालेली, टोकाला पट्टा, पट्ट्याची बकल लागलेली तशीच, आणि आत कुत्रं नाही. रक्त नाही, झटापट नाही, नुसता गोल पट्टा. दोन दिवस मी तो उचलला नाही तिथनं.

बांधलेलं कुत्रं म्हणजे आपणच ताट वाढून ठेवायचं. आणि मागं शिरूरकडं तर माणसं स्वतःच गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागली होती, पेपरात फोटो होते, तिथं कुत्र्याचं काय घेऊन बसलात. आमच्याकडं उपाय एकच, बंदिस्त गोठा, वरनंसुद्धा जाळी, दार आत ढकललं जाणारं नको, बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, आणि अंधार पडायच्या आत सगळं आत. गोठा पक्का केल्यापासून एक शेळी गेली नाही, काळ्यानंतर दुसरं कुत्रं पाळलं नाही.

माळढोक | १६ जून, संध्या ६:१८

उसवाले दादा, तुमचं म्हणणं अभ्यासातपण आलंय. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात (नगरचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं होतं, २०१४ ला प्रसिद्ध झालं. त्यात वजनाच्या हिशोबात जवळजवळ ३९ टक्के नुसती कुत्री, ८७ टक्के पाळीव जनावरं सगळी मिळून. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी कमी, कारण शेळ्या रात्री आत असतात आणि कुत्री बाहेर.

पण मग माझा एक आक्षेप आहे आणि तो बिऱ्हाड यांना आवडणार नाही. माळावर जेवढी कुत्री वाढतात तेवढं रानाचं वाटोळं होतं. चिंकाऱ्याची पिल्लं मारतात, जमिनीवरची अंडी खातात, डिस्टेंपर (कुत्र्यांचा साथीचा रोग) आणि रेबीज लांडग्यांना देतात, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्र्याचे संकरसुद्धा सापडलेत, डीएनए तपासून. राखणीच्या नावाखाली अजून कुत्री कशाला?

बिऱ्हाड | १६ जून, रात्री ८:५०

आवडलं नाहीच. माळढोक, आमच्या वाड्याचं कुत्रं बकऱ्यांना सोडून चिंकाऱ्यामागं गेलं तर दुसऱ्या दिवशी ते वाड्यावर राहत नाही, कारण ते गेलं त्या वेळात लांडगं येतं. आमचं कुत्रं दिवसभर बकऱ्यांच्या सावलीत चालतं. तुम्ही म्हणता ती कुत्री हॉटेलांच्या मागची, पोल्ट्रीच्या ओढ्यातली, आणि शनिवार-रविवार जीपगाड्यांतनं टाकलेल्या बिस्किटांवर जगणारी. ती पण कुत्री आणि ही पण कुत्री, म्हणजे कंपनीचा वॉचमन आणि चोर दोघांना दोन पाय आहेत असं झालं.

लसीचं मात्र तुमचं बरोबर आहे. आमच्या कुत्र्यांना लस कुणी देत नाही. वाडा रोज हलतो, दवाखाना कुठं शोधणार.

गुरांची_डॉक्टरीण | १६ जून, रात्री ९:४५

मी दोघांच्या मध्ये पडते. बिऱ्हाड, वाडा ज्या गावात बसेल तिथल्या दवाखान्यात सकाळी कुत्रं घेऊन जा, काम होतं. आता मूळ प्रश्नावर.

राखणीचं कुत्रं शिकवून होत नाही, वाढवून होतं. पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असतो, तेव्हा ते ज्याच्या सोबत राहील त्याला आपलं मानतं. त्या वयात शेळ्यांत राहिलं तर शेळ्या त्याचं घर. अमेरिकेत रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्यानं १९७० च्या दशकात युरोप आणि तुर्कस्तानातनं अशी कुत्री आणून शेतकऱ्यांना दिली आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. त्यांनी तीन गोष्टी बघितल्या: कुत्रं जनावरांना त्रास देत नाही ना, त्यांच्या जवळ राहतं ना, आणि काही वेगळं दिसलं की मध्ये उभं राहतं ना. चावणं हा गुणच त्यात नाही. नामिबियात चित्त्यांसाठी काम करणारी संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना कांगल आणि अनातोलियन पिल्लं देते, हेतू हा की शेळ्या वाचल्या तर शेतकरी चित्त्याला गोळी घालणार नाही. २०२२ ला कुनोत पहिले आले ते नामिबियातलेच चित्ते. म्हणजे कुत्र्यानं शेळी वाचते तसा वन्यप्राणीपण वाचतो, माळढोक यांनी हेपण धरावं.

आणि एक जे कुणी सांगत नाही. मेलेल्या शेळी-मेंढीचं डोकं, काळीज, फुप्फुस कच्चं कुत्र्याला टाकू नका. त्यातनं कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतो, त्याची अंडी विष्ठेतनं गवतावर, ते गवत मेंढरानं खाल्लं की मेंदूत पाण्याचा फुगा तयार होतो आणि ते एकाच बाजूनं गोल गोल फिरत राहतं. काळीज-फुप्फुसातला दुसरा प्रकार माणसालाही होतो. दर तीन महिन्यांनी कुत्र्याला जंताचं औषध, त्यात प्राझिक्वांटेल आहे ना ते बघून घ्या.

बिऱ्हाड | १६ जून, रात्री १०:३०

मॅडम, अशी गोल फिरणारी बकरी मी किती बघितलीत काय सांगू. आणि मेलं की आम्ही डोकं कुत्र्यांनाच टाकायचो. दरवेळी. भावाला आत्ता फोन करून सांगितलं.

मेलबर्नकर | १७ जून, सकाळी ५:५२

मूळचा बार्शीचा, आता इकडं. एक गंमत सांगतो, विषयाला धरूनच आहे. इथं वॉर्नंबूल म्हणून गाव आहे, त्याच्या किनाऱ्याला मिडल आयलंड नावाचं छोटं बेट, त्यावर टीचभर उंचीचे पेंग्विन. ओहोटीला कोल्हे चालत जाऊन खायचे, २००५ ला दहासुद्धा उरले नव्हते. कोंबड्या पाळणारा एक शेतकरी म्हणाला माझ्या कोंबड्या मारेम्मा (इटलीची राखणीची जात) कुत्रा राखतो, पेंग्विन म्हणजे तरी काय, कोट घातलेली कोंबडी. २००६ पासून दोन मारेम्मा कुत्री त्या बेटावर ठेवायला लागले आणि पेंग्विन शंभरावर गेले. पण २०१७ ला समुद्र खवळलेला म्हणून काही दिवस कुत्र्यांना बेटावर नेता आलं नाही, तेवढ्यात कोल्हे गेले आणि १४० च्या आसपास पेंग्विन मारले. म्हणजे उजनीकाठ, कुत्रं असलं तरी एक रात्र नसलं की झालं.

उजनीकाठ | १७ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. ठरलं, कांगल नाही. बायको खूश. जाळी आज बांधली, खालनं दीड फूट पत्रा लावला, दार बदलायला सुताराला सांगितलंय. पोल्ट्रीवाल्याकडं गेलो होतो, तो म्हणतो माझ्या एकट्याच्या कोंबड्या नाहीत त्या. सरपंचांना घेऊन परत जातो. आता बिऱ्हाड दादा, तुमच्या वाड्यावर एखादं पिल्लू आहे का?

बिऱ्हाड | १८ जून, सकाळी ७:००

आहे, एक कुत्री व्यायलीय, पिल्लांचे डोळे उघडून आठवडा झाला. सहा-सात आठवड्यांचं झालं की न्या. पैसे विचारू नका, भाऊ घेणार नाही, फार तर बाजरी न्या. आणि भावाचं एक म्हणणं आहे. आमची एक म्हातारी कुत्री आहे, नऊ-दहा वर्षांची, मागचा एक पाय धरतो, यंदा कोकणाची वाट तिला झेपणार नाही. ती पण न्या. नुसतं पिल्लू तुमच्या चुलत्यांकडून काय शिकणार, ती शिकवेल.

उजनीकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ९:१५

आणली दोन्ही. पिल्लू मादी आहे, करडी, छातीला पांढरा ठिपका, नाव टिकली. म्हातारीला नाव नव्हतंच म्हणे, वाड्यावर म्हातारीच म्हणायचे, आम्हीपण तेच. पन्नास किलो बाजरी नेली तर भावानं वीसच ठेवून घेतली आणि वर आम्हाला जेवायला बसवलं.

पहिल्या दिवशी म्हातारी शेडच्या दारात बसली आणि एकेका शेळीचा वास घेतला, सगळ्या ३९ चा, वैतागून बोअर बोकडानं टक्कर मारली तर नुसती बाजूला झाली आणि परत पुढची. दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही तिनं. तिसऱ्या दिवशी ताकात कुस्करून दिली तेव्हा खाल्ली.

गुरांची_डॉक्टरीण | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

छान. टिकलीला पहिलं सेव्हन-इन-वन (सात रोगांवरची एकत्र लस) आत्ता, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांची झाली की रेबीज. म्हातारीला रेबीज लगेच. पिल्लाला शेळ्यांतच खायला घाला, घरात आणू नका, पोरांना खेळू देऊ नका.

उजनीकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ९:५२

पोरांना सांगणं सगळ्यात अवघड आहे मॅडम. धाकटी रडतेय. इंजेक्शनला उद्या नेतो.

उजनीकाठ | २१ डिसेंबर, रात्री ११:००

वाईट बातमी आहे. टिकलीनं एक करडू मारलं. खेळता खेळता. सहा महिन्यांची झाली, अंगानं दणकट, आणि करडं उड्या मारायला लागली की हीपण मागं, कान धरते, मान धरते, परवा चार दिवसांचं करडू होतं ते दमून पडलं आणि परत उठलं नाही. ती त्याला चाटत बसली होती, वाटलं असेल उठेल आणि परत खेळेल. चुलते म्हणतात हाकलून द्या, एकदा रक्ताची चटक लागली की झालं. काय करू?

बिऱ्हाड | २२ डिसेंबर, सकाळी ६:४०

हाकलू नका! हे सगळ्यांचंच होतं या वयात. रक्त कुठं काढलंय तिनं? लोढणं बांधा. पूर्वी ओढाळ गुराला बांधायचे तसं, हातभर लांबीचा लाकडाचा दांडका, गळ्यातनं असा सोडायचा की चालताना अडत नाही पण पळायला गेली की पुढच्या गुडघ्यावर बसतो. महिना-दोन महिने. आणि व्यायला झालेल्या शेळ्या वेगळ्या ठेवा, तिथं फक्त म्हातारीला जाऊ द्या, टिकली जाळीच्या बाहेरनं बघू दे.

गुरांची_डॉक्टरीण | २२ डिसेंबर, दुपारी १२:३०

सहमत. दीड-दोन वर्षांची होईपर्यंत तिला पूर्ण कामाची समजू नका. दुसऱ्या माजाच्या आधी नसबंदी करून घ्या, नाहीतर ओढ्यातली सगळी कुत्री शेडभोवती येतील. आणि रेबीज?

उजनीकाठ | २२ डिसेंबर, रात्री ९:००

म्हातारीचं झालंय. टिकलीचं उद्या नक्की.

उजनीकाठ | ८ मार्च, रात्री १०:२०

आजचं सांगायला आलो, हात अजून जरा कापतोय. चुलत्यांना ताप होता म्हणून मी गेलो होतो माळावर. दुपारी तीनच्या सुमाराला, शेळ्या एका बाभळीखाली सावलीला, टिकली लोढण्यासकट झोपलेली (काढायचंय या आठवड्यात). म्हातारी उठली. भुंकली नाही आधी, नुसती उठून शेळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली, पाय धरतो तो तसाच उचललेला. मी बघतो तर समोरच्या बांधावर लांडगा, दोनशे फूट असेल, मातीच्या रंगाचा, हलला नसता तर दिसलाच नसता. मग म्हातारीनं ते भुंकणं सुरू केलं, बिऱ्हाड दादा तुम्ही लिहिलं होतं तसंच, खालच्या पट्टीत, थांबून थांबून. शेळ्या आपोआप एका जागी गोळा झाल्या. मी काठी घेऊन पुढं निघालो आणि तेवढ्यात तुमच्या आजोबांचं आठवलं, दुसरा कुठाय. मागं वळलो तर घाणेरीच्या झुडपात कान दिसले. आणि टिकली तिकडंच तोंड करून उभी, मानेवरचे केस ताठ, तोंडातनं आवाज नाही. पळाली नाही त्याच्या अंगावर, शेळ्यांना सोडून एक पाऊल गेली नाही. मी ओरडलो, दगड मारला, झुडपातला उठून निवांत चालत गेला, पळालासुद्धा नाही, मधे एकदा थांबून मागं बघितलं. बांधावरचा त्याच्या आधीच नाहीसा झालेला.

घरी येऊन तीनदा मोजल्या. ४८ आहेत, करडांसकट. तीनदा ४८.

माळढोक | ८ मार्च, रात्री १०:३१

जागा धाग्यावर लिहू नका, कॅमेरेवाले येतील. दोन्ही लांडगे धडधाकट होते का? लंगडणं, केस गळालेले, तोंडाला फेस असं काही?

उजनीकाठ | ८ मार्च, रात्री १०:३८

चांगले होते. बांधावरचा तर झोकात होता.

बिऱ्हाड | ८ मार्च, रात्री १०:४५

भावाला वाचून दाखवलं, तो महाडच्या बाजूला आहे वाड्यावर. काही बोलला नाही बराच वेळ. मग म्हणाला म्हातारीला आज दूध घाल म्हणावं.

जुन्नरचा_उसवाला | ८ मार्च, रात्री ११:०२

रात्री दोघींना आत घेत जा. तुमच्याकडं पण ऊस वाढतोय आता, बिबट्या कधी येईल सांगता येत नाही.

उजनीकाठ | ८ मार्च, रात्री ११:०६

आतच असतात दादा, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं केलंय तुमच्या सांगण्यावरनं. म्हातारीला दूध घातलं. निम्मं टिकलीनं प्यायलं.

गुरांची_डॉक्टरीण | ८ मार्च, रात्री ११:१५

टिकलीचं रेबीज?

उजनीकाठ | ८ मार्च, रात्री ११:१७

उद्या.

फुकटफौजदार | ८ मार्च, रात्री ११:१८

लांडगा आला तेव्हा गप्प होते सगळे, उद्या आला की मात्र मॅडम भुंकणार.

उजनीकाठ | ९ मार्च, सकाळी ११:४०

झालं इंजेक्शन. दवाखान्यात टिकली टेबलाखाली जाऊन बसली, बाहेर काढायला तिघं लागलो. म्हातारी दारात उभी राहून बघत होती.